बांधलेली म्हातारी

"स्वतःच्याच शिपायांना आवरायचं? ते कशाला?"

हवालदार शेडगे तिसऱ्यांदा तेच विचारत होता. लतीफशा फकिराने कपाळावर हात मारून घेतला.

"डॉक्टरांनी सांगितलं ना तुला?"

"सांगितलं. म्हणे पोरीच्या अंगातल्या शिपायांनी घरचेच मारले. साखर सांभाळणाऱ्या पेशी. त्या शिपायांना आवरणाऱ्याही काही पेशी असतात, त्या कमी पडल्या. बाबा, मी फौजेत होतो. शिपायाला जोर द्यायचा असतो. म्हणून ताकदीचा काढा चालू केलाय. आता तुमचा अंगारा द्या, की दुपारपासून इन्सुलिनची सुई बंद."

"बंद?"

"हवालदाराची पोर रोज सुईवर जगणार? लाज वाटते."

नऊ वर्षांची रेवा शेजारीच बसली होती. पोरीसमोर बोलू नये, एवढंही कळत नव्हतं मेल्याला. मिशांना पीळ तेवढा होता.

"तुझं डोकं..." फकीर म्हणाला आणि थांबला.

तकियाच्या, म्हणजे फकिराच्या मठीच्या, मागून कोंबड्यांचा कलकलाट आला. पंख फडफडले. मग एकदम शांत.

फकीर धावला. परत आला तेव्हा त्याच्या हातात कोंबडी होती. मान लोंबत होती.

"रोज अंडं देणारी. माझ्याच कुत्र्यांनी मारली. म्हातारी कुत्री कुठाय?"

हवालदार चाचरला. "ती... बांधली मी. येताना वाटेत आडवी पडली होती. ना भुंकते, ना चावते. दोन्ही तरण्या कुत्र्यांना मात्र मटण घातलं. पहारा कडक व्हावा म्हणून."

फकिराने कोंबडी खाली ठेवली.

"सोड तिला."

हवालदाराने दोर सोडला. म्हातारी लंगडत गेली, उरलेल्या कोंबड्यांपुढे उभी राहिली. एकदाच गुरगुरली, तेही हळू. दोन्ही तरणे पोट टेकून बसले.

...

"बाबा, पोरीच्या अंगातली म्हातारी अशी सोडता येईल?"

"डॉक्टर लोक त्याच्याच मागे आहेत."

"मग तोवर तुमचा अंगारा..."

फकिराने चिमूटभर अंगारा त्याच्या तळहातावर ठेवला. मेलेली कोंबडी त्याच्या मांडीवर ठेवली.

"हिला लाव."

"बाबा..."

"लाव म्हणतो ना."

हवालदाराने लावला. हात तिथेच राहिला. म्हातारी मोकळी होती, तरणे गप्प होते. कोंबडी काही उठली नाही.

...

रेवाने डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडला, पण सुईआधी खायचं नव्हतं; बापाकडे बघत तशीच बसली.

हवालदाराने अंगारा धोतराला पुसला. पिशवीतून सुईची डबी काढली. पोरीने आपणहून सदरा वर केला. सुई टोचून झाली तेव्हा तिने विचारलं,

"फकीरबाबा, आता तुम्ही अंडी कुठून आणणार?"

"बाजारातून, बेटा. रोज. लाज कसली त्यात?"