चांगुणेचा सांधा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. निवखारच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. बाजाराला जायचं तर होडीतून जावं लागे, आणि होडीवाला रुसला तर गुपचूप घरी बसावं लागे. गावाची सगळी भातशेती खाडीच्या पाण्याहून खाली. एका अंगाला समुद्राचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला हिरवंगार भात, आणि मधे मातीचा लांबच लांब बांध. बांध आहे तोवर गाव आहे, हे निवखारच्या पोरांना चालायला यायच्या आधी कळतं, असं म्हणतात.

पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. त्या काळी ज्याच्या शेतासमोर बांधाचा जेवढा तुकडा येई, तेवढा त्याने राखायचा, असा रिवाज होता. ऐकायला किती बरं वाटतं. ज्याचं त्याने बघावं, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आता काय व्हायचं, जोमा पाटलाने आपला तुकडा कमरेएवढा उंच केला की शेजारचा गोमा म्हात्रे आपला छातीएवढा करायचा. की जोमा पुन्हा गळ्याएवढा. दोघांच्या बायका घरी डोक्याला हात लावून बसायच्या. आणि या दोन तुकड्यांच्या मधे जो सांधा होता, तो मात्र कुणाचाच नव्हता. जोमा म्हणे गोमाचा, गोमा म्हणे जोमाचा. खाडी काही खुळी नव्हती. तिने नेमकी तीच जागा हेरली. भाद्रपदातल्या अवसेच्या उधाणाला पाणी चढलं की बांध फुटायचा तो त्या सांध्यावरच.

त्या सांध्याच्या थेट मागे, दोघांच्या शेतांना लागून, चांगुणेचं खाचर होतं. चांगुणा तरणीताठी विधवा. मागे-पुढे कुणी नाही, ते एक खाचर तेवढं तिचं. बांध फुटला की पाणी आधी तिच्या भातात शिरे. आणि खाऱ्या पाण्याचं काय सांगू, एकदा जमिनीत मुरलं की दोन-तीन पावसाळे धुतल्याशिवाय तिथे भाताची काडी उभी राहत नाही. तिचं खाचर नुकतं कुठे गोडं झालं होतं. यंदा पुन्हा पाणी आलं असतं, तर गाव सोडून परमुलखातल्या मिठागरावर मजुरीला जाण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. नवऱ्याने लावलेलं खाचर टाकून जाणं तिच्या जिवावर आलं होतं.

म्हणून वैशाखात गावाची बैठक भरली तेव्हा चांगुणा उठून उभी राहिली. म्हणाली, "त्या सांध्याचं कायतरी करा."

जोमा पाटलाने मिशीवरून हात फिरवला. "बाय, तुजा बांध कुठला?"

चांगुणेच्या खाचरासमोर फक्त तो कुणाचाच नसलेला सांधा होता, बांधाचा तुकडा येतच नव्हता. आणि ज्याचा बांध नाही त्याने बैठकीत बोलायचं नाही, असा गावचा कायदा. सगळे हसले.  चांगुणा तशीच निघाली, टोपली घेतली, खाडीच्या काठाचा काळा चिखल भरला, डोक्यावर घेऊन सांध्यावर गेली आणि तिथे ओतला. परत आली ती कोपरापर्यंत माखलेले हात घेऊनच. बैठक अजून चाललीच होती. ती मधोमध बसली आणि दोन्ही हात पुढे केले.

"हा माजा बांध," ती म्हणाली. "आता बोलू?"

तिचं म्हणणं साधं होतं. आपला तुकडा आपण राखायचा नाही. जोमाकाकांचा गोमाकाकांनी राखावा, गोमाकाकांचा जोमाकाकांनी, आणि असंच सगळ्या गावाने अदलाबदल करावी. एकमेकांच्या तुकड्यावर जाता-येता दोघांना मधला सांधा ओलांडावाच लागतो, मग तो आपोआप दोघांचा होतो. हे ऐकून गाव इतकं हसलं, इतकं हसलं, की पलीकडच्या तीरावरच्या लोकांना वाटलं निवखारला लग्न आहे, असं म्हणतात.

हसू दे बापडे. चांगुणा रोज सांध्यावर चिखल ओतत राहिली. तिला येऊन मिळाला तो दामा. दामा बांधातल्या पाण्याच्या दाराची राखण करायचा. कुठल्याशा गावाहून वाहत आलेला, एका पायाने अधू, ना घर ना दार. तो लंगडत टोपल्या भरून द्यायचा, ही वाहायची. मग एक-दोन सासुरवाशिणी येऊ लागल्या, मग त्यांच्या सासवा, सुना काय करतात ते बघायला. चिखलात हात घातला की चांगुणा विचारायची, "बोल, तुला काय वाटतं?" ज्या बायांना घरात कुणी काही विचारलं नव्हतं, त्या तिथे घडाघडा बोलू लागल्या. पुरुषमंडळी मात्र आपापला तुकडा गोंजारत लांबून बघत होती.

श्रावण सरला आणि सांध्याला भेग पडली. नव्या मातीखालची जुनी माती पोकळ होती, ती खचली. आता मात्र गावाचं धाबं दणाणलं. भगताला बोलावलं. त्याने तांदूळ टाकले, डोळे फिरवले आणि सांगितलं, "बांध माणूस मागतोय."

 आणि बघा, एकेक करून सगळ्यांचे डोळे दामाकडे वळले. ज्याच्यासाठी रडायला कुणी नाही, असा गावात तो एकटाच होता. दामाच्या हे ध्यानात आलं. तो काठी टेकून उठला आणि म्हणाला, "मी जातो. तेवढाच गावाच्या कामी येईन."

चांगुणेने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. मग संतापून ती भगताकडे वळली.

"भगतबाबा, तुमचं खरं हाय," ती म्हणाली. "बांध माणूस मागतोय. देऊ ना. पण एक कशाला? एवढ्या मोठ्या बांधाला एक माणूस कसा पुरंल? सगळा गाव देऊ."

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"अवसेला भर दुपारी भरती येईल. चूल बंद करून प्रत्येक घराने यायचं. आणि कुणी आपल्या तुकड्यावर उभं राहायचं नाही, शेजाऱ्याच्या तुकड्यावर राहायचं. जो येणार नाही त्याने दामाच्या तोंडाकडे बघून तसं सांगावं."

तसं सांगायची कुणाची छाती झाली नाही.

अवस आली. वारा असा सुटला की खाडीतल्या होड्या शेतात येऊन पडल्या. दुपार झाली आणि पाणी चढू लागलं. चांगुणा सांध्यावर उभी राहिली आणि तिने हाकारा घातला. एकेका घराचं नाव घेतलं, आणि त्या घरातून "आलो" अशी ओ आली. जोमा पाटील पाय ओढत गोमाच्या तुकड्यावर गेला, गोमा नाक मुरडत जोमाच्या तुकड्यावर. शेजाऱ्याच्या बांधावर पाय ठेवल्यावर जोमाला पहिल्यांदा दिसलं, की आपण आपली माती जितकी उंच केली, तितकं पाणी सांध्याकडे लोटत होतो. आयुष्यभर समोर असलेली गोष्ट त्याला पन्नाशीला दिसली.

तेवढ्यात सांधा फुटला.

पाणी चांगुणेच्या कमरेपर्यंत आलं. ती हलली नाही. छातीपर्यंत आलं, तरी हलली नाही. सगळ्यांत आधी दामा तिच्या शेजारी उतरला, अधू पाय चिखलात रोवून. मग एका बाजूने जोमाने उडी घेतली, दुसऱ्या बाजूने गोमाने, आणि गाव जन्मात पहिल्यांदा त्या दोघांना एकमेकांचा हात धरताना बघत होतं. मग बाया उतरल्या, म्हातारे उतरले, भगतसुद्धा उतरला. समुद्राकडे तोंड करून माणसांची भिंत उभी राहिली, आणि मागून हातोहात चिखल, पेंढा, दगड येऊ लागले. खेकड्यांनी बिळांतून बाहेर येऊन फटी बुजवल्या, असं म्हणतात. पाणी चांगुणेच्या हनुवटीला लागलं आणि तिथेच थांबलं, असंही म्हणतात. खाडीने तिच्याकडे पाहिलं, तिने खाडीकडे पाहिलं, आणि खाडी मागे फिरली. खरं काय ते खाडीलाच ठाऊक. पण चांगुणेचं खाचर त्या साली वाचलं, आणि दिवाळीत तिच्या घरी नवा भात शिजला. जेवायला सगळा गाव होता.

चांगुणा पुढे पुष्कळ जगली. बैठकीचा कायदा तिने बदलून घेतला: हाताला चिखल असेल त्याने बोलावं, मग त्याचा बांध असो वा नसो. ती म्हातारी झाली तेव्हा भगताच्या मुलाने सांध्यावर तिच्या नावाचा शेंदरी दगड बसवायचा घाट घातला. म्हातारी काठी घेऊन धावली. "मला देव करू नका," ती म्हणाली. "देव केलात की त्याच्यावर भार टाकून तुमी घरी बसाल."

म्हणून निवखारला चांगुणेचं देऊळ नाही. शोधून सापडायचं नाही. पण आजही तिथे कुणी आपला बांध आपण राखत नाही, शेजाऱ्याचा राखतो. नवी सून गावात आली की माप ओलांडायच्या आधी सांध्यावर एक टोपली चिखल टाकते, आणि मग बैठकीत बोलायला मोकळी होते. आणि भाद्रपदातल्या अवसेला, दुपारची भरती चढायच्या आधी, सगळा गाव बांधावर जमतो आणि हाकारा होतो. एकेका घराचं नाव घेतात, एकेक घर "आलो" म्हणतं.

सगळ्यांत शेवटी चांगुणेच्या घराचं नाव घेतात. तिचं घर तर केव्हाच बुजलं, त्या घरात ओ द्यायला कुणी उरलं नाही. हाकारा करणारा तिचं नाव घेऊन घटकाभर थांबतो.

मग सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "आलो."