हलगीवाल्या सुभानाची तिसरी दवंडी

फार वर्षांपूर्वी, निंबवेढ्यात ना छापील कागद यायचा ना कर्णा, तेव्हा गावाचं तोंड म्हणजे सुभाना हलगीवाला. चावडीपुढे हलगी कडाडली की चुलीपुढची बाईसुद्धा पिठाच्या हातानं दारात यायची. दवंडीचा रिवाज एकच. आधी नाव, मग बोलणं. "ऐका हो ऐका! पाटलांचं बोलनं हाय, उद्या वढ्यावर गुरं न्यायची न्हाईत!" बिननावाची दवंडी सुभाना देत नसे, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे माझी भागूआत्या म्हणायची, आणि ती उगाच कुणाची तारीफ करणारी बाई नव्हती.

एकदा मात्र त्यानं दिली. त्याचीच ही गोष्ट.

त्या साली गावात पटकीची साथ आली. घरटी एक माणूस गेलं. लोक भेदरले होते, आणि भेदरलेल्या माणसाला बोट दाखवायला कुणीतरी लागतंच. मल्हारराव देशमुखांनी हे बरोबर हेरलं. नदीकाठच्या कुंभारवाड्यावर त्यांचा कधीपासूनचा डोळा, कारण तिथल्या काळ्या मातीत त्यांना ऊस लावायचा होता. त्यांनी सुभानाला बोलावून घेतलं आणि कारभारी अंतोबांनी दवंडी सांगितली: कुंभारांच्या भट्टीच्या धुरानं साथ आली, कुंभारवाडा उठवला पाहिजे.

"नाव कुनाचं घालू?" सुभानानं विचारलं.

"नाव नको. सगळं गाव म्हणतंय, एवढंच सांग. तीन दिवस."

"पन हुकूम तर सरकारांचा..."

कारभारी हसले. "अरे, हुकूम म्हटला की लोक कुरकुरतात. तुमचंच म्हणणं आहे म्हटलं, की आपणहून काठ्या घेऊन निघतात."

सुभानाला लेकरंबाळं होती, वतनाच्या जमिनीचा तुकडा होता. खाली मान घालून त्यानं पहिली दवंडी दिली.

संध्याकाळी घरी आला, तर बायको जनाई भाकरी वाढता वाढता म्हणाली, "ऐकलंसा का? कुंभारांच्या धुरानंच मानसं गेली."

"कुनी सांगितलं तुला?"

"सांगाय कशाला पायजे? समदं गावच म्हनतंय. मला तर आधीपासनं वाटतच हुतं."

सुभानाचा घास हातातच राहिला. सकाळी त्यानं रस्त्यात ओरडलेलं वाक्य त्याच्याच बायकोचं मत होऊन ताटापुढे आलं होतं. आणि हिची तिन्ही बाळंतपणं कुंभारवाड्यातल्या गोदाक्कानं केलेली! गोष्ट सांगताना इथं आलो की मला दर वेळी राग येतो, जनाईचा येतो आणि सुभानाचा तर जास्तच.

कारण दुसऱ्या दिवशीही तो दवंडी द्यायला गेला. पण आता त्यानं नुसती हलगी वाजवली, तोच पुढचं सगळं लोकच बोलू लागले. त्याची गरजच उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सगळं गाव नदीकाठच्या मैदानात जमलं. हातात काठ्या, दोघाचौघांकडे पेटते पलिते. शंभर पावलांवर कुंभारवाडा. गोदाक्का नातवंडांना पाठीशी घालून दारात उभी होती. देशमुख बाजेवर येऊन बसले. तिसरी दवंडी झाली की लोक निघणार होते.

सुभानानं हलगीवर काठी मारली. आवाज नाही. पुन्हा मारली. ऊन असं कडक की कातडं तडतडायला हवं, पण गोधडीवर मारल्यासारखं सगळं मुकं. हे मला गोदाक्काच्या पणतीनं सांगितलं आहे.

"वाजीव की!" अंतोबा ओरडले.

"बिननावाचं बोलनं हिला पेलंना," सुभाना म्हणाला. "नाव द्या कुनाचं तरी. सरकार, तुमचं घालू?"

देशमुख दुसरीकडे बघू लागले.

"कारभारी, तुमचं?" अंतोबांनी पागोटं नीट केलं.

मग तो गर्दीकडे वळला. "सखाराम माळी, तुजं हाय? रामा सुतारा, तुजं?" ज्याला विचारावं तो शेजाऱ्याकडे बघायचा. काठी प्रत्येकाच्या हातात होती, पण नाव द्यायला कुणी तयार होईना. जनाईसुद्धा गर्दीत होती. तिनं पदर तोंडात धरला.

"मग माजं घालतो," सुभाना म्हणाला. "सुभाना हलगीवाल्याचं बोलनं हाय! भट्टीच्या धुरानं कोन मेलं न्हाय. ते खोटं माज्या तोंडातनं गेलं. पाप माजं हाय!"

आणि हलगी वाजली. काठी न लागता वाजली, अशी की नदीपल्याडचे बगळे उडाले, असं म्हणतात. पलिते मातीत विझले. लोक एकेक करून घराकडे वळले.

देशमुखांनी त्याच दिवशी सुभानाचं वतन काढून घेतलं आणि हलगी फाडली. जनाईला आणि लेकरांना घेऊन तो गाव सोडून गेला. कुठं गेला, ते कुणालाच माहीत नाही. कुंभारवाडा मात्र आजही नदीकाठी आहे.

निंबवेढ्यात अजून दर साली त्या तिथीला सगळे त्या मैदानात बसतात. वर्षभरात ज्यानं 'लोक म्हणतात'च्या आड लपून काही केलं असेल, त्यानं उठायचं, आपलं नाव सांगायचं आणि ते बोलणं आपल्या पदरी घ्यायचं. त्याला सुभानाचं नाव देणं म्हणतात. सक्ती कुणावर नाही. कुणी उठलं नाही, तरी दिवस मावळेपर्यंत सगळे बसून राहतात.

गेल्या साली सरपंच उठला. ओढ्याकाठी उतरलेल्या बहुरूप्यांची पालं हलवा, अशी गावकऱ्यांची मागणी आहे, असं त्यानं तालुक्याला लिहून दिलं होतं. तो उभा राहिला, त्यानं नाव सांगितलं. मग म्हणाला, "मागणी माझी होती. गावाला मी विचारलंच नव्हतं." आणि खाली बसला.

पालं तिथंच आहेत.