अमात्य खेमकाची वेठ

पूर्वी कुमुदवती नगरीत उग्रतेज नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने पाटाचे पाणी वळवणाऱ्या एका कष्टकऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव खेमक.

उग्रतेज प्रजेला सहा-सहा महिने वेठीला धरी. खेमकाचा बाप दगड वाहता वाहता गेला. अखेर लोक उठले. त्यांचा पुढारी मल्लक हा खेमकाचा बालमित्र. त्याने वेशीबाहेरच्या माळावर सर्वांदेखत शब्द दिला, "यापुढे जमीन कसणाऱ्याची. आणि या नगरीत कुणालाही वेठीला धरलं जाणार नाही."

पण राजाचे सैन्य मोठे होते. मल्लकाने शेजारच्या शाल्मल देशाकडे मदत मागितली. खेमकाला ते रुचले नाही. पण रोज माणसे मरत होती, म्हणून तो गप्प राहिला. शाल्मलांचे हत्ती आले आणि उग्रतेज पळाला. लोकांनी मल्लकाला गणप्रमुख केले, खेमकाला अमात्य करून राज्यमुद्रा सोपवली.

हत्ती मात्र परत गेले नाहीत. शाल्मलांचा दूत पिंगल सभेत मल्लकाशेजारी बसू लागला. हळूहळू मल्लक काहीही बोलण्याआधी त्याच्या तोंडाकडे पाहू लागला. जमिनीची वाटणी लांबत गेली. तिसऱ्या वर्षी खेमकापुढे आज्ञापत्र आले: शाल्मल सैन्याच्या किल्ल्यासाठी घरटी एक माणूस, चार महिने, बिनमोबदला.

"ही वेठच आहे, मल्लका."

"देशसेवा म्हणा, अमात्य," पिंगल म्हणाला.

मल्लक खाली पाहत होता. "हे सैन्य गेलं तर उग्रतेज परत येईल, खेमका. उमटव मुद्रा."

"तू हत्ती बोलावलेस तेव्हा गप्प बसलो, ते चुकलं. आता नाही बसणार."

मुद्रा मल्लकासमोर ठेवून खेमक निघाला. दुसऱ्या कुणी ती उमटवली. खेमकाच्या गल्लीतल्या सामा नावाच्या विधवेची पाळी आली, तेव्हा तिच्या जागी तो दगड वाहायला उभा राहिला.

एके दिवशी मल्लक पिंगलाबरोबर पाहणीला आला. ओझ्याखाली कोसळलेल्या खेमकावर पहारेकऱ्याने चाबूक उगारला होता.

"थांब!" मल्लक ओरडला.

खेमक उठत म्हणाला, "माझ्यापुरतं नको. थांबवायचं तर सगळ्यांसाठी थांबव."

मल्लकाने पिंगलाकडे पाहिले. मग घोडा वळवला.

किल्ला पुरा झाला. शाल्मलांना मल्लकाची गरज उरली नाही. त्यांनी त्याला वाड्याबाहेर काढले. नगरीत त्याला कुणी पाणीही देईना. खेमकाने त्याला हात धरून घरी नेले.

सामा संतापली. "याला कशाला घरात घेता?"

"यानं शब्द मोडला, माय. पण तो शब्द पहिल्यांदा आपल्याला ऐकवला, तोही यानंच."

मल्लक तोंड झाकून रडला. शाल्मल पुढे कितीतरी वर्षे राहिले. जमीन वाटली गेली नाही, वेठही थांबली नाही. मल्लक मात्र मरेपर्यंत, घरात धडधाकट कुणी नसलेल्यांची वेठ स्वतः करीत राहिला.

हे सांगून भिक्षूंचे गुरू असलेले शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पिंगल म्हणजे देवदत्त, सामा म्हणजे गौतमी. व्रत मोडून गेलेला आणि आज संघात परतलेला, तुम्ही ज्याच्याशी बोलत नाही तो हा भिक्षू, तेव्हाचा मल्लक. आणि खेमक मीच होतो. तेव्हा मी जी पाळली, ती मैत्रीपारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता."