फुगीर बाजूची आच

ट्रॉलीच्या धडकेने ओढ्यावरच्या पुलाची लोखंडी तुळई वाकली आणि शाळेची वाट बंद झाली. अनसूयाबाई पांचाळ या वेल्डिंगवाल्या बाईंनी तुळईच्या फुगीर बाजूला गॅसची आच दिली, तर ती आणखीच वाकली.

पाहणीला आलेले घोरपडे साहेब लालबुंद होऊन ओरडले, “वाटोळं केलंत! ओता पाणी, आत्ताच्या आत्ता!”

“पाणी ओतलं तर तडकेल, साहेब. तापल्यावर वाकडं व्हायचंच. आपण धीर धरायचा. निवताना ते आपोआप सरळ येतं.”

साहेबांनी डोळे वटारले. “कुणाबद्दल बोलताय?”

“तुळईबद्दल. तुम्हाला मी कुठे आच दिली?”

पुलाशी जमलेले सगळे हसले, अखेर साहेबही. दुपारपर्यंत तुळई निवून सरळ झाली. साहेब हळूच म्हणाले, “बाई, तिच्याआधी मी सरळ झालो, हे ऑफिसात सांगू नका.”