शिवळी बंदराची राखी मांजरं

या शिवळी बंदरातली मांजरं बघितलीत ना, पाव्हणे? सगळी एकाच घडणीची. राखी रंग, अंगाला चिकटलेले आखूड दाट केस, पितळी डोळे. दुसरीकडे शोधून दाखवा! पण यांची मूळ मांजरी अशी नव्हती. ती म्हणे अरबी गलबतावरून उतरली. पांढरीशुभ्र, आणि केस इतके लांब की चालली की जमीन झाडायची.

तिला हिरू नाखव्याच्या आईने पाळलं. हिरू दोन्ही धाकट्या भावांना घेऊन पहिल्यांदाच लांबच्या समुद्रात निघाला, तेव्हा म्हातारी म्हणाली, "तिघेही परत या रे बाबांनो. मला दुसरं कोण आहे?" आणि उंदरांसाठी म्हणून मांजरी होडीत सोडली.

भर समुद्रात मांजरी बिथरली. एकाच फळीला नखं मारी, ओरडे, हाकललं की पुन्हा तिथेच. हिरूचा जीव आधीच टांगणीला. "अपशकुनी मेली!" म्हणत त्याने तिच्यावर पाटी पालथी घातली. तिथेच चुकला बघा! संध्याकाळी त्याच फळीची फट उघडली आणि पाणी घोट्यापर्यंत आलं.

फटीत राळेत भिजवलेला कापूस ठोकतात. होता तेवढा संपला, तरी पाणी थांबेना. भाऊ उपसून उपसून रडकुंडीला आले. हिरूला आईचं तोंड दिसू लागलं. त्याने पाटी उचलली, मांजरीला मांडीवर घेतलं आणि सुरी काढली.

"दादा, मारू नको तिला!" धाकटा ओरडला.

हिरूने तिचे सगळे केस कापले, राळेत मळले आणि फटीत ठोकले. तिने हूं की चूं केलं नाही म्हणे. पाणी थांबलं.

बोडकी मांजरी थंडीने काकडत होती. हिरूने चुलीतली कोमट राख तिच्या अंगाला चोळली आणि बंदर येईस्तोवर तिला छातीशी धरलं. "तुला कोंडलं गं, माझे हात झडोत," एवढंच म्हणत राहिला. तिघेही घरी आले. पुढे तिला पिल्लं झाली ती आखूड केसांची, राखी. असं सांगतात, पटत नसेल तर एखादं उचलून बघा.

आजही नवी होडी पाण्यात लोटण्याआधी आत मांजर सोडतात. ते जिथे नख लावेल तिथला कापूस काढून नवा भरायचा, मग सुतार कितीही चिडो. मांजर फिरतं, हुंगतं, पुन्हा फिरतं. आणि ते निवांत बसेपर्यंत समुद्रावर जाणाऱ्यांच्या आया-बायका भर उन्हातही खाली बसत नाहीत.