हजेरीचा चौथरा

गावात शिकलेली माणसं काय कमी आहेत? पण करवंदगडावर पाहुणे आले की धरा म्हाताऱ्याला. एकदाच सांगतो. मधे बोलू नका.

हा वडाखालचा दगडी चौथरा बघा. गड नांदता होता तेव्हा चाकरांना महिन्याचा शिधा इथं वाटत. कारकून नाव पुकारी, माणूस "जी" म्हणे आणि धान्य घेऊन जाई. "जी" नाही तर शिधा नाही.

गोंदजी पायगुडे गडाचा जासूद. पत्र घेऊन खाडीपलीकडं गेला आणि शत्रूनं त्याला धरून कोठडीत टाकलं. पुढच्या हजेरीला नाव पुकारलं, उत्तर नाही. कारकून नाव खोडायला निघाला, तशी गोंदजीची बायको सगुणा पुढं झाली. घरी म्हातारी सासू, दोन पोरं आणि रिकामी मडकी.

"जी," ती म्हणाली.

"तू कोण गं? गैरहजर माणसाला शिधा नाही."

"गैरहजर? तो काय माझ्या माहेरी पाहुणचार झोडायला गेलाय? कमरेला पत्र कुणाचं होतं त्याच्या?"

लोक हसले म्हणे. कारकून हलेना. मग सगुणानं शपथ घेतली, नाव राहिल्याशिवाय चौथरा सोडणार नाही. तीन दिवस अन्नपाण्यावाचून बसली, असं सांगतात. तिसऱ्या दिवशी बाकीचे शिपाईही शिधा घेईनात. उद्या आपण सापडलो तर आपल्या घरचं काय?

तेव्हा किल्लेदार खाली उतरला. कारकुनाला म्हणाला, "तो गडापायी कैदेत बसलाय, म्हणजे कामावरच आहे. अन् ते काम तुझ्या लेखणीपेक्षा अवघड आहे. शिधा दीडपट कर."

नऊ वर्षं सगुणानं "जी" म्हटलं. दहाव्या वर्षी नाव पुकारलं तर आवाज दोन आले. मागं गोंदजी उभा, दाढी पांढरी झालेली. सगुणानं आधी शिधा पदरात घेतला, मग रडली.

आजही चैत्रातल्या जत्रेला पहिलं नाव गोंदजीचं पुकारतात आणि सगळं गाव "जी" म्हणतं. मग सरकारी कामावर लांब असलेल्यांची नावं. घरची बाई "जी" म्हणते, तिला ओंजळभर नाचणी मिळते. चांगली चाल आहे, मला आवडते.

माझा नातू सैन्यात आहे. यंदा नातसून बाळंतपणाला माहेरी, म्हणून "जी" मी म्हटलं. तर पुकारणारा वरून ओरडला, "आजोबा, लुगडं नेसून या!" सगळी जत्रा हसली. नाचणी मी घेतलीच. पोराचं नाव रिकामं जाऊ देणार होतो काय? माफी मात्र अजून आलेली नाही. धर्मा खुटवड म्हणतात त्या पुकारणाऱ्याला.