शलोमीबाईचं रिकामं जातं

घर्र घर्र, दगडावर दगड. जात्यात दाणा असला की आवाज मऊ येतो. हा कोरडा होता. लहानपणी ऐकला, अजून कानातून गेला नाही.

माझे आजोबा पाळण्यात होते, त्या काळची ही गोष्ट. तीन सालं आमच्या करंजओढा गावात पाऊस फिरकला नव्हता. घरांत दाणा उरला नव्हता. तरी शेजारी कळू नये म्हणून बाया पहाटे उठून रिकामंच जातं फिरवायच्या.

चर्चच्या मंडळीने साऱ्या गावासाठी सरकारकडे तीन अर्ज धाडले. दुष्काळी काम काढा, धान्य द्या. उत्तर आलं, ‘आमचा माणूस पहाटे गावातून गेला. घरोघरी दळण चालू आहे. टंचाई नाही.’

शलोमीबाई घरोघर शास्त्र वाचून दाखवणारी बायबलबाई. रविवारी ती चर्चमध्ये उभी राहिली.

“बायांनो, रिकामी जाती थांबवा.”

माना खाली गेल्या. एक जण पुटपुटली, “बाई, शेजारीण काय म्हणेल?”

“अगं, शेजारीणही रिकामंच फिरवते.”

तेव्हा असं रडणं उठलं, की घंटा आपोआप हलली, असं म्हणतात.

पाळकसाहेबांनी चौथा अर्ज लिहिला. साऱ्या बायांनी अंगठे उठवले. शलोमीबाईची सून भुकेने निपचित पडली होती. तिला ती म्हणाली, “दाणे घेऊनच येते. तोवर डोळे मिटू नकोस, माझे बाई.” मग अर्ज कनवटीला लावून, जातं डोक्यावर घेऊन ती बारा कोस चालली आणि सरकारी कचेरीच्या ओसरीवर ते फिरवत बसली.

शिपाई म्हणाला, “म्हातारे, काय दळतेस?”

“आमच्या गावची न्याहारी.”

तीन दिवस दगडाचा भुगा उडत राहिला. साहेबाच्या दौतीत उतरला, पाण्यात उतरला, असं म्हणतात. चौथ्या दिवशी साहेबाचा घास दाताखाली कचकचला, तेव्हा तो बाहेर आला. त्याने अर्ज वाचला. तलावाचं काम निघालं, धान्याच्या गाड्या सुटल्या.

पहिल्या गाडीतून शलोमीबाई आली. सुनेचे डोळे उघडेच होते. जीव तेवढा नव्हता.

गाव जगलं. शलोमीबाई मात्र पुन्हा कधी दळायला बसली नाही, असं म्हणतात.

ते जातं आजही चर्चच्या दाराशी आहे. सुगीच्या सणाला मंडळी आधी उपाशी घरं शोधते. घर कुणाचं, देव कोणता, विचारत नाही. मग एक बाई त्या घरांचा अर्ज आणि ते जातं घेऊन कचेरीत जाते, आणि साहेब बाहेर येईपर्यंत ते रिकामंच फिरवते.

मी आवाज ऐकला त्या साली ती बाई माझी आई होती. साहेब बाहेर आला. तिने अर्ज त्याच्या हाती दिला, चिमूटभर भुगा त्याच्यासमोर ठेवला, जातं डोक्यावर घेतलं आणि चालू लागली.